साडूबरोबर बेटावर

४ फेब्रुवारी
बेटावर पोचलो. ठराव : इथे असेपर्यंत डोकं शांत. कुणावर चिडायचं नाही, साडूवर तर मुळीच नाही. हा माणूस सामान ठेवायच्या आत रिसेप्शनवालीचा मित्र झाला. काहींना संकोच म्हणून नसतोच. आमच्या खोलीतून समुद्र दिसतो. बाथरूमच्या खिडकीतून, टाचा उंचावल्या तर. साडूची खोली थेट पाण्यासमोर. बदलून घ्या म्हणाला. नाही म्हटलं. उपकार नकोत. बायको संध्याकाळभर गप्प. प्रवासाचा शीण.

५ फेब्रुवारी
सूर्योदय बघायला टेकडीवर गेलो. एकटाच, मुद्दाम. वाटेत दम लागला नाही, दृश्य बघायला थांबत होतो. वर पोचलो तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. या बेटाचं फारच कौतुक करून ठेवलंय लोकांनी.

६ फेब्रुवारी
कयाक. साडू म्हणाला, दोघांची घेऊ. मी एकट्याची घेतली. वल्हं कसं धरायचं ते शिकवणारा सांगत बसला. इतकं काय त्यात? उलटलो. पाणी कमरेएवढंच होतं. ओरडलो हे खरं, पण ते इतरांना सावध करायला. साडूने दंड धरून बाहेर काढलं, सगळ्यांदेखत. हे मी विसरणार नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
पाठ भाजून निघाली. सनस्क्रीन साडूची होती, म्हणून लावली नाही. सकाळभर पालथा पडून कंटाळलो आणि किनाऱ्यावर गेलो. बायको, मेहुणी आणि तो पाण्यात तोंडं घालून मासे बघत होते. बायको वर आली आणि खदखदून हसली. हिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, आठवेना. ऊन फार आहे, हे सांगायला पुढे गेलो. मला बघून हसायची थांबली. बरं झालं, समजूतदार आहे.

९ फेब्रुवारी
बायको म्हणाली, मुक्काम आठवडाभर वाढवलाय. मला न विचारता? तर म्हणे, तुमचा नाही वाढवला, तुम्हाला इथलं काहीच आवडत नाही ना. भांडली असती तर उत्तर तयार होतं. ती शांतपणे माझ्या शर्टांच्या घड्या घालत होती. मीच सांगून टाकलं, ऑफिसात माझ्यावाचून अडलंय.

साडू धक्क्यापर्यंत बॅग घेऊन आला. थांबा ना दादा, म्हणाला. नाटकी माणूस. बोट सुटल्यावर मी बराच वेळ हात हलवत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण आलंय सोडायला? म्हटलं, घरचे सगळे. त्यांनी वळून बघितलं. धक्क्यावर कुणी नव्हतं.