नळी नसलेली शेगडी

आबा,

गेल्या महिन्यात मी तंबूत ठेवायची लाकडाची शेगडी निवडत होतो. तुम्हाला हसू आलं असतं. सुरतेत थंडी असते कुठे, इथे भर पौषात पंखा लागतो. पण कडोदऱ्याच्या माझ्या कारखान्यात आता तंबू शिवले जातात आणि ते वर हिमाचलात, बर्फातल्या कॅम्पांना जातात. तिकडचं गिऱ्हाईक म्हणालं, तंबूबरोबर शेगडीही तुम्हीच द्या, घडी करून पाठीवर नेता येईल अशी, आणि जरा स्वस्तातली बघा. आपलं सुरतचं कापड कसलं ते तुम्हाला ठाऊक आहे, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं. म्हणून शेगड्या विकणाऱ्यालाच नमुने घेऊन बोलावलं आणि अंगणात एक तंबू उभा करून घेतला. माय ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. हल्ली ती रोज माझ्याबरोबर कारखान्यावर येते. तुम्ही होतात तोवर तिला चार माणसांत मोकळेपणी बसायची मुभा नव्हती, आता बसते.

माणूस डोंगराकडचा होता, बोलायला मऊ. त्याने एकेक नमुना तंबूत पेटवून दाखवायला सुरुवात केली. पहिली शेगडी जाड पत्र्याची, ऊब चांगली, पण ती न्यायला खेचर लागलं असतं. दुसरी पातळ पत्र्याची, पाय दुमडणारे, धुराची नळी तुकड्यातुकड्यांनी एकात एक बसणारी. नळीच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळीची टोपी, मध्ये आग कमीजास्त करायची झडप. तिसरीला नळीच नव्हती. भोकं पाडलेला डबा, त्यात बाहेर पेटवलेले निखारे टाकायचे आणि तंबूत आणून ठेवायचा. सगळ्यांत हलकी, सगळ्यांत स्वस्त. मी व्यापाऱ्याच्या अकलेने विचारलं, निखाऱ्यांचा धूर होत नाही, मग नळीचं ओझं हवं कशाला? त्याने ती शेगडी पेटवलीच नाही. म्हणाला, "धुएँ से आदमी भागता है, साहब. कोयले से नहीं भागता, सो जाता है." मग त्याने समजावून सांगितलं. बंद जागेत निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. आधी डोकं धरतं, मग ओकाऱ्या होतात, मग झोप लागते. आणि तंबूत जो सर्वांत लहान असेल तो आधी जातो.

आबा, मी त्या माणसाकडे बघत होतो आणि मला बारडोलीकडचं आपलं पाल दिसत होतं. मी सहा-सात वर्षांचा आहे. तुम्ही मुकादम आहात, खानदेशातून आणलेली तुमची ऊसतोडीची टोळी फडाच्या कडेला पालं टाकून राहिली आहे. माय आमच्या पालात बाळंत झाली आहे. तिच्या बाजेखाली शेकाची शेगडी आहे, निखाऱ्यांवर ओवा टाकलेला, कुशीत माझा भाऊ. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तुम्ही पालाच्या फटींत गोणपाट कोंबता, दाराचं कापड खाली ओढता आणि बाहेरून सुतळीने बांधून टाकता. माय आतून म्हणते, डोकं फार दुखतंय, थोडं उघडा. तुम्ही गाठ आणखी आवळता आणि म्हणता, "बाळतीन शे तू, पडी ऱ्हाय." मग मला गाडीवर घेऊन फडात जाता.

दुपारी भाकरीला परत आलो तेव्हा गाठ तुम्हीच सोडलीत. माय बाजेवरून अर्धी खाली लोंबकळत होती, सगळं ओकून ठेवलेलं. भाऊ बाजूला निजलेला, गाल लालबुंद. शेजारच्या पालातल्या बाया म्हणत होत्या, बघा तर, लेकरू कसं टवटवीत दिसतंय. तुम्ही त्याला हलवून पाहिलंत. मग शेगडीला लाथ मारून ती बाहेर उडवलीत आणि टोळीपुढे उभं राहून म्हणालात, "अंगखाले दाबी टाकं तिनी पोरले." पोर तिच्याच अंगाखाली दबलं म्हणे, आणि मायला तेव्हा नीट शुद्धही नव्हती. शुद्धीवर आली ती हे ऐकतच आली.

पुढे आपण सुरतेत पांडेसऱ्याला राहायला आलो, पण तुमचं ते वाक्य बिऱ्हाडाबरोबर आलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते निघायचं. ती लग्नकार्यात कुणाला दोन शब्द सांगू लागली की तुम्ही भर मांडवात म्हणायचात, जिला स्वतःचं पोर सांभाळता आलं नाही ती शिकवतेय बघा. बारशाला गेलो की बाया तिच्या ओटीत मूल देत नसत, आणि नंतर नंतर तीच पाळण्यापासून लांब, चपलांच्या बाजूला बसू लागली. माझी मुलगी झाली तेव्हा तुम्ही माझ्या बायकोला पहिली ताकीद दिलीत ती हीच, की म्हातारीच्या हातात देऊ नका. तिने नातीला आंघोळ घातली नाही, मांडीवर निजवली नाही. दुपटी मात्र सगळी तिने शिवली.

तर त्या दिवशी अंगणात माय खुर्चीवरून उठली, तंबूपाशी आली आणि तिच्या मोडक्या हिंदीत त्या माणसाला विचारलं, "ऐसा बच्चा मरा तो रंग कैसा रहता?" तो गडबडला. मग खाली बघत म्हणाला, "लाल रहता है, माताजी. लगता है अभी उठेगा." मला वाटलं आता माय रडेल, कोसळेल, म्हणून मी तिचा दंड धरला. तिने माझा हात सोडवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "धाकलीना बखतले त्यासनी शेगडी बाहेर ठेवी. त्यासले माहीत व्हतं."

खरंच, आबा. धाकट्या बहिणीच्या वेळी, मायच्या पुढच्या बाळंतपणात, तुम्ही पालाचं दार दोन्हीकडून बांधून उघडं ठेवलं होतं आणि शेगडी पार बांधावर. टोळीलाही तुम्ही दम दिला होता, की कुणाच्याही पालात आत निखारा दिसला तर त्याचं बिऱ्हाड बाहेर फेकीन. मी तेव्हा तुम्हाला शहाणा मुकादम समजायचो. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार, एखाद्या डॉक्टरने, दुसऱ्या एखाद्या मुकादमाने. इतरांची पोरं तुम्ही वाचवलीत. फक्त एक वाक्य मागे घ्यायचं होतं तुम्हाला, आणि त्यासाठी उरलेला सगळा जन्म पडला होता. ते तुम्ही मरेपर्यंत वापरत राहिलात. तुम्ही मेलात ते बरं झालं. हे मी रागाने नाही, विचार करून लिहितोय.

नळीवाली दुसरी शेगडी मी घेतली. गिऱ्हाइकाला कळवलं, नळी नसलेली हवी असेल तर तंबूही दुसरीकडून घ्या.

रविवारी माझी मुलगी तिच्या तान्ह्याला घेऊन आली. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, सुतळीच्या गाठीसकट. मुलगी रडली आणि उठून तिने बाळ सरळ मायच्या मांडीवर ठेवलं. माय पाठ ताठ करून बसून राहिली. हात दोन्ही बाजूंना खुर्चीवर टेकलेले, बाळाला बोटही लावलं नाही. बाळ घसरू लागलं तशी तिने मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोनी तरी धरा वं याले. माले नही जमाव." मुलीने बाळ उचलून घेतलं. माय साडी झटकून आत गेली आणि भांडी लावू लागली. दोष गेला, आबा, पण हात परत आले नाहीत.

हे कुठे पाठवायचं नाही. तुमच्या फोटोपुढे ठेवायलाही मन घेत नाही, फोटो मी भिंतीवरून काढून ठेवला आहे. पण एक कबूल करतो. इतकं सगळं लिहून झाल्यावर आत्ता तुम्ही कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिलात, तर मी उठेन आणि माझी खुर्ची तुम्हाला देईन.