ध्रुवीय समुद्रातील निळाईविषयी काही निरीक्षणं

३ जानेवारी, सकाळी ६.१०
बोट सुटली. आजपासून रोजनिशी. थोर शास्त्रज्ञांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात छापतात, तेव्हा अक्षर नीट काढणे.
संकल्प: रोज डेकवर पंचवीस फेऱ्या. गोड बंद. ध्रुवीय समुद्रात किमान एक नवी प्रजाती शोधणे आणि तिला माझं नाव लागणे.
शेवटचा संकल्प निघताना घरी बोलून दाखवला. ही म्हणाली, आधी मफलर शोधा. सासऱ्यांनी मात्र पेन भेट दिलं. जाड निबाचं, सोबत निळ्या शाईची बाटली. पाण्याने पुसली जात नाही अशी ग्यारंटी. स्वतः नळाखाली कागद धरून दाखवला. म्हणाले, जावईबापू, आता इतिहास लिहा. डोळ्यांत पाणी आलं. (त्यांच्या.)

५ जानेवारी
बोट हलते. फेऱ्या स्थगित.

६ जानेवारी
अजून हलते. डॉक्टरांनी पोटात काहीतरी असू द्या म्हणून सांगितलं. बिस्किटांशिवाय काही राहत नाही. ती गोड निघाली, माझा नाइलाज आहे.

९ जानेवारी, दुपारी ३
बर्फ दिसला. मीटिंग. बाईंनी कामं वाटली. बाई म्हणजे मोहिमेच्या प्रमुख. सत्तावीस वर्षं समुद्रावर. एकदा हसल्या होत्या म्हणतात, पण पाहिलेलं कोणी भेटत नाही.
काम असं: इथला एक पट्टा कायम बर्फाखाली असतो. यंदा जेमतेम तीन आठवडे उघडा आहे, पुन्हा कधी उघडेल देव जाणे. तेवढ्यात तळाशी कोण कोण राहतं याची शिरगणती करायची. जाळं तळापर्यंत सोडायचं, येईल ते चाळायचं, बरणीत अल्कोहोलमध्ये घालायचं आणि आत कागदाची चिठ्ठी टाकायची: कुठे, किती खोल, कधी. बाईंच्या मते चिठ्ठी नसलेला प्राणी म्हणजे नुसती मासळी.
चिठ्ठ्या माझ्याकडे. मला वाटतं बाईंनी माणूस ओळखला.
पेन्सिलींचा डबाही दिला. चिठ्ठी पेन्सिलनेच, असा नियम आहे म्हणे. का ते विचारलं नाही. जुन्या माणसांचे हट्ट असतात. पेन्सिल चौथीपर्यंत ठीक. आपल्याकडे ग्यारंटीची शाई आहे.

१० जानेवारी
पहिलं जाळं वर आलं. आठ किलो चिखल, बावीस प्राणी, एक मोठा दगड. विटकरी रंगाचे, ताऱ्यासारखे पाच हातांचे भंगुरतारे फार देखणे. चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर बघून मलाच भरून आलं.
जाळ्याचा दोर विंचने, म्हणजे यांत्रिक रहाटाने, सोडतात ते विंचवाले काका. तीस वर्षं तेच काम. प्रत्येक बरणीच्या झाकणावर खिळ्याने आकडा कोरतात आणि कळकट वहीत काहीतरी खरडतात. मी सांगितलं, काका, आत चिठ्ठी असते. ते हो हो म्हणाले आणि कोरत राहिले. गाढवापुढे वाचली गीता.
बाईंचा आणखी एक नियम: दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीतलं अल्कोहोल बदलायचं, प्राण्यांच्या अंगचं पाणी सुटून ते पातळ होतं. उद्या करणे.

१३ जानेवारी
बरण्या सत्तर. सगळ्या पेट्यांत बंद. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे दहा तारखेचा 'उद्या' अजून उजाडला नाही असंही म्हणता येईल. अल्कोहोल: उद्या नक्की.

१५ जानेवारी
आजच्या जाळ्यात कोळंबीसारखं बोटभर काहीतरी होतं, पाय जरा जास्तच. फुटकळ. ओळखीचंच असणार. बरणी ९७ मध्ये टाकून दिलं. अशा किरकोळ प्राण्यांवर वेळ घालवला तर नवी प्रजाती कधी शोधायची?

१८ जानेवारी
बरण्या १४२. बाईंनी अल्कोहोलचं विचारलं. चालू आहे म्हणालो. मनात चालूच होतं.

१९ जानेवारी, सकाळी ११
अल्कोहोल बदलायला पेटी उघडली. भंगुरतारा निळा झालाय! नखशिखांत. विटकरी होता, मी स्वतः पाहिला होता. जिवंतपणी विटकरी, मेल्यावर निळा. असा प्राणी कुठल्याच पुस्तकात नाही.
चिठ्ठी कोरी दिसली. उलटी पडली असणार. उलटून पाहिली, तीही बाजू कोरी. घाईत चुकून जास्तीची टाकली असेल. किरकोळ बाब.
बाईंना इतक्यात सांगायचं नाही. आधी पुरावा. घरी मात्र मेल टाकली. घरच्यांपासून काय लपवायचं.

२० जानेवारी
आणखी नऊ बरण्या उघडल्या. किडा निळा. स्पंज निळा. समुद्रकाकडी निळसर. म्हणजे एक प्रजाती नव्हे, अख्खा पट्टाच निळा! शितावरून भाताची परीक्षा. बाकीच्या बरण्या उघडायची गरज नाही. अल्कोहोलही बदलत नाही, निळाई जाईल.

२१ जानेवारी
सासऱ्यांचं उत्तर आलं. माझी मेल त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून आमच्या इमारतीच्या सूचनाफळ्यावर लावली. पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीच्या वर. तळमजल्यावरचे निवृत्त प्राचार्य स्वतः उठून अभिनंदनाला आले. हिनेही दोन ओळी लिहिल्यात: जपून. मफलर सापडला का?
आता माघार नाही. प्रजातीला माझं नाव लागलंच पाहिजे, नाहीतर घरी मागच्या जिन्याने जावं लागेल.

२२ जानेवारी
निबंध लिहायला घेतला. शीर्षक झालं. बाकी मजकूर उद्या.
एक अडचण. पहिल्या जाळ्यातला दगडही चिठ्ठीसकट बरणीत जपून ठेवला होता, तोही निळा निघाला. दगड मेला असं म्हणता येत नाही. तळटीप घालू.
माझी बोटंही निळी दिसतात. थंडी. डॉक्टरांना दाखवणे.

२३ जानेवारी
डॉक्टरांनी बोट साबणाने धुतलं. बरं झालं.

२४ जानेवारी, सकाळी १०
आज सगळ्यांसमोर जाहीर करतोय. टेबलावर बारा बरण्या ओळीने मांडल्यात. दाढी केली. घोडामैदान जवळच आहे.

२४ जानेवारी, दुपारी १२
बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. मग एक बरणी उजेडात धरली आणि चिठ्ठी कशाने लिहिली ते विचारलं. मी खिशातलं पेन काढून दाखवलं. ग्यारंटीही सांगितली, पाण्याने पुसली जात नाही, हवं तर नळाखाली धरून दाखवतो म्हणालो.
बाई म्हणाल्या, "बरणीत पाणी आहे?"
मी शाईची बाटली आणायला केबिनकडे पळालो.

२४ जानेवारी, दुपारी ४
सगळ्या पेट्या उघडल्या. १८४ बरण्या, १८४ कोऱ्या चिठ्ठ्या. पाण्याला न घाबरणारी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बाटलीवर लिहिलंय, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.
कोणता प्राणी कुठला, कुणालाच सांगता येणार नाही. तिकडे बर्फ पुन्हा मिटायला लागलाय, परत जाळं टाकता येणार नाही. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या डेकवर जाऊन नुसत्या बसल्या, हातात एक निळी बरणी घेऊन. सत्तावीस वर्षांत त्यांना हा पट्टा पहिल्यांदा उघडा मिळाला होता.
मला रडू आलं. लिहून ठेवतोय, कारण आज खोटं लिहायला काही सुचत नाही.

२५ जानेवारी
विंचवाले काका जेवणघरात आले आणि कळकट वही टेबलावर ठेवली. प्रत्येक वेळी किती दोर सोडला, बोट कुठे होती, किती वाजले, सगळं त्यात. शेजारी आकडे. तेच आकडे झाकणांवर, खिळ्याने कोरलेले. बाईंनी वही चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि मग खुर्चीत मागे टेकल्या. मी काकांना विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?
काका म्हणाले, "शास्त्रज्ञ दर मोहिमेला नवा येतो. खिळा तोच असतो."

२८ जानेवारी
तीन दिवस झाले. काका वहीतून सांगतात, मी नव्या चिठ्ठ्या पेन्सिलने लिहितो. मधेच ते डोकावून अक्षर बघतात आणि 'सात'ची शेपटी नीट काढायला लावतात. अल्कोहोलही बदललं, १८४ वेळा. प्राणी हळूहळू आपापल्या रंगावर येतायत.
मफलर पेटी क्रमांक तीनमध्ये सापडला. निघण्याआधी पेट्या भरताना बरण्या आपटू नयेत म्हणून मीच गुंडाळला होता. एक बरणी झिरपून निळा झालाय.

३० जानेवारी
बाई सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. बरणी ९७. ते पाय जास्त असलेलं फुटकळ. कुठल्याच पुस्तकात सापडत नाही म्हणे. बहुधा नवीनच प्रजाती. काकांचं नाव देणार आहेत.
बाई हसल्या. मी पाहिलं. ही नोंद तरी ऐतिहासिक.

२२ फेब्रुवारी, घरी
आज संग्रहालयात बाईंनी बोलावलं. नव्या प्रशिक्षणार्थींना दाखवायला एक बरणी त्यांनी मुद्दाम निळीच ठेवलीय. कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, दिव्याखाली. चिठ्ठी बाईंच्या अक्षरात, पेन्सिलने:
'भंगुरतारा. मूळ रंग विटकरी. निळा रंग संग्राहकाचा.' खाली माझं नाव. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.
घरी आल्यावर एवढंच सांगितलं की संग्रहालयात माझं नाव लागलं. खोटं नाही. हिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि निळा मफलर भिजत घातला.
सासऱ्यांनी फोन केला. रविवारी अख्खी इमारत घेऊन बघायला येतायत. प्राचार्य चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवणार आहेत.