आमच्या लाइनीचा रोवणा

तिरुपूर, रविवार

माय,

इथूनच तुह्या पाया पडते. तब्येत बरी आहे. भात रोज भेटते, फक्त वरणात चिंच टाकतेत.

फोन लागत नाई म्हणून घोर नको लावून घेऊ. होस्टेलवाल्या बाईनं सगळ्याईचे फोन जमा केले. काऊन, ते सांगते.

शिलाईच्या लाइनीत आम्ही चाळीस जणी, ओडिशाच्या, झारखंडच्या, आपल्या सावली तालुक्यातल्या. इथल्या बायाईपेक्षा आमाले मजुरी कमी. त्यात चूक माहीच झाली. शाबासकीसाठी मी भराभर शिवलं, अन् साहेबानं तेवढंच काम सगळ्याईवर लादलं. ओडिशाची एक पोरगी चक्कर येऊन मशीनवरच पडली.

मंग मले आपला धानाच्या रोपाईचा रोवणा आठवला. चिखलाच्या बांधीत कोणी आपली ओळ, आपली पात सोडून एकटी पळत नाई. सोमवारपासून आमच्या चाळीसही मशिनी एकाच सावकाश चालीनं चालून राह्यल्या, म्हणूनच फोन जमा झाले. बरोबरीची मजुरी भेटेपर्यंत अशाच चालतीन.

निकेशभाऊले सांग, ग्रामसभेत शिलाई केंद्राचा ठराव घ्याच म्हणा. गावातच काम असतं तं इतक्या दूर कोण आलं असतं? तुही कंबर कशी आहे? शेक घेतं का नाई?

उद्या साहेब एकेकीले आत बोलावणार आहे. जिचं नाव निघन, तिले घरी पाठवतीन. मी अचानक दारात दिसली तं घाबरू नको.

साहेब सारखं एकच विचारते, "तुमच्यात पुढं कोण आहे?"

माय, तूच सांग, रोवण्यात पुढं कोण असते? साऱ्या बाया तं मागं मागंच सरकतेत.

तुही लेक,
रंजीता