यंदा जिभेचाही रोजा

चाँद दिसला. संध्याकाळ.
सामान आलं: खजुराची पेटी ४८०, डाळ १४०, तेल ६१०, सरबत ९५. दुकानदार पेटीचे पाचशे सांगत होता. रोजे लागायच्या आत भांडून घेतलं, उद्यापासून तोंड बंद. यंदाचा संकल्प: पोटाबरोबर जिभेचाही रोजा. चुगली नाही, टोमणा नाही. नुसतं उपाशी काय, कुणीही राहतं.
सूनबाईला सातवा महिना. तिला सूट आहे, मला माहीत आहे. मी एक शब्द बोलणार नाही.

रमजान १
बोलले नाही. दुपारी ती जेवायला बसली, तेव्हा समोर बसून नुसतं पाहिलं. मग म्हटलं, खा गं, मी काही म्हणते का? मला नववा होता तेव्हा मी सगळे रोजे केले, पण तो काळच वेगळा. आठवण सांगणं म्हणजे टोमणा नव्हे. तिने ताट झाकून ठेवलं.

रमजान २
सूनबाईने आपणहून रोजा ठेवला! अल्लाहची कृपा. मी काय, नुसती सासू.
मुलगा म्हणाला, अम्मी, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात. मी म्हटलं, कयामतीच्या दिवशी तुझ्या डॉक्टरीणबाई येणारेत का साक्षीला? बायकोचा नंदीबैल. (हे मनात. मनातल्याने रोजा बिघडत नाही.)

रमजान ५
सगळ्यांची पहाटेची सहेरी मी वीस मिनिटं आधीच आवरते, रोजा अजाननंतर दहा मिनिटांनी सोडते. खबरदारी. शिवाय घाईत कमी खाल्लं जातं.
इमामसाहेबांची बायको म्हणाली, आपा, उलटं करताय. सहेरी अगदी शेवटपर्यंत खावी, अजान झाली की लगेच रोजा सोडावा, पुण्य, सवाब त्यातच आहे. वर म्हणाली, पोटुशीला तर ठेवूच देऊ नका, बाळंतपणानंतर भरून काढेल. बाईची ओढणी केवढी झिरझिरीत! त्यावरून काय ते समजावं.
ही चुगली नव्हे. लिहिलंय, जीभ वापरलेली नाही.

रमजान ९
स्वयंपाक मीच करते, सूनबाईच्या हाताला मिठाचा अंदाज नाही. जिभेच्या टोकाने चाखायची परवानगी आहे. चाखून थुंकायचं असतं, पण अन्न थुंकणं माझ्याने होत नाही. नासाडी मला बघवत नाही. आज डाळ चार वेळा, तळलेलं सहा वेळा. मीठ प्रत्येक वेळी बरोबर निघालं.

रमजान १२
समोरच्या घरातून भर दुपारी फोडणीचा वास. कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या तिघींना फक्त विचारलं, तुम्हालाही येतो का गं?

रमजान १४
सूनबाई बादली उचलताना खाली बसली, ती उठेचना. दवाखाना. तिचं वजन वाढायचं सोडून घटलंय. बाळाची वाढ खुंटलीय, असंच चाललं तर ते हातचं जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हिला उपाशी कोण ठेवतंय?
मी म्हटलं, बाई, मी या वयात ठेवते, मला काय झालं? थांबा, रोजा माणसाला कसा हलका करतो ते दाखवते. काट्यावर चढले. मागच्या महिन्यापेक्षा दोन किलो जास्त.
सूनबाई हसली. सलाईन लागलेली असताना! नर्सही हसली.
काटा बिघडलेला आहे.

रमजान १५
मुलगा तिला माहेरी सोडायला गेला, तो तिकडेच राहिला. निघताना ती म्हणाली, अम्मी, रोजा ठेव असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, खरंय. पण एक घास सुखाने गिळूही दिला नाहीत.
म्हणजे मी काही म्हटलं नाही, हे तिनेच कबूल केलं.
हे म्हणाले, अगं, राहिलेला रोजा पुढे भरून काढता येतो. पोर कुठून भरून काढशील? यांना दीनधर्मातलं काय कळतं!

रमजान २२
घरात शांतता. टोमणा मारायला कुणीच नाही. संकल्प तंतोतंत पाळला जातोय.

ईद
चौघांचा स्वयंपाक केला. आम्ही दोघंच.
दुपारी समोरची दारात. ईद मुबारक, आणि आजी झालात तेही मुबारक! परवा रात्रीच झालं म्हणे, दिवस भरायच्या आधी. काचेच्या पेटीत ठेवलंय. तुम्हाला कळलंच असेल.
मी म्हटलं, हो तर, पहिला फोन मलाच. मग पुढचं विचारायचं कोणत्या तोंडाने? ती जाताना म्हणाली, नाव ठरलं की सांगा हं. मी हो म्हटलं.
मुलगा फोन उचलत नाही. त्याच्या सासूला पत्र टाकलं. नक्कल:
विहीणबाईंना सलाम. इकडे सर्व ठीक. माझ्यामुळे काही झालेलं नाही, हे आपण जाणताच. उत्तराचं कार्ड जोडलंय, त्यावर माझा पत्ता घातलाय, आपल्याला खर्च नाही. मुलगा की मुलगी, आणि बाळ आहे ना, एवढं उलट टपाली कळवावं.