सणाला जुनेर

३ ऑक्टो., शुक्र.
दसरा संपला, आजपासून ऑफिसात दिवाळी गिफ्टचं गुऱ्हाळ. दरवर्षी तोच सुक्या मेव्याचा डबा, अर्धा प्लॅस्टिकच. मीटिंगमध्ये तोंड उघडलं. म्हटलं, इथे रबाळ्यात, कंपनीच्या मागच्या गावात बायकांचा गट गोधड्या शिवतो. गुडघ्यावर घ्यायच्या छोट्या गोधड्या करून घेऊ. पैसा बायकांच्या हातात जाईल. साहेब म्हणाले, "छान. तुम्हीच बघा मग." झालं! नवरा हसला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

५, रवि.
गावात जाऊन आले. गट चालवतात त्या वंदनाताई. चहा, वर बोंबलाची चटणी न् भाकरी, नाही म्हणायची सोय नाही. खोली त्यांच्या दिराची. त्याला ती मोबाइलच्या दुकानाला द्यायचीय. "बोलला, दरसालची ऑर्डर लागली तर राहा, नाय तर पाडव्याला खाली करा." खोली गेली की गट मोडला. बाया परत सोसायट्यांतली भांडी घासणार.
नव्या कापडाची का नाही करत, विचारलं. "नवा कापर टोचते म्याडम. धा वर्सं अंगाला लागलेला लुगरा पायजे. मंग ती ऊब."
काय सुंदर वाटलं! फोटो काढले. साहेबांना पाठवले, लगेच अंगठा.

११, शनि.
जुनी लुगडी कमी पडतायत. माझ्या दोन कॉटनच्या साड्या दिल्या. सासूबाईंकडे मागितल्या तर एकदम भडकल्या.
"दिवाळीला जुनेर वाटणार? लोक लक्ष्मीपुढे काय ठेवतील, चिंध्या?"
म्हटलं, आई, जमाना बदलला.
"जमाना बदलू दे. सण तोच आहे."
नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहून असले विचार. कमाल आहे.

१६, गुरु.
माल आला. वं.ताई स्वतः टेम्पोत बसून, ठेवणीतली साडी नेसून. गठ्ठ्याला हळदकुंकू लावलेलं. एकेक गोधडी उलगडून बघत बसले, टाके कसे मुंग्यांच्या रांगेसारखे. रिसेप्शनवरच्या पोरीनं रिबिनी बांधल्या. खूप दिवसांनी वाटलं की आपण नोकरीत काहीतरी बरं केलं.

१७, वसुबारस
सकाळी वाटल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमध्ये कुजबुज. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'मेलेल्या बायकांच्या साड्या असतात ह्या.' संपलं.
पॅकिंगचे शिंदे आले. भला माणूस, अगदी ओशाळून: "मॅडम, राग नका मानू. कंपनीची भेट आमच्याकडे पूजेला ठेवतात. जुनं कापड घरात घेऊन गेलो तर आई उंबऱ्यातच थांबवेल." गोधडी टेबलावर ठेवली. त्यांच्यामागे बाकीचे. टेबल दिसेना.
साहेब: "मेव्याचे डबे मागवा. आजच्या आज. आणि पुढच्या वर्षी प्रयोग नको."
बायकांचे पैसे देऊन झालेत, तो प्रश्नच नाही. पण खोली?

१८, धनत्रयोदशी
गठ्ठा रिक्षात घालून घरी. बेडवर, कपाटावर, सगळीकडे गोधड्या. सा.बां.नी आपल्या पलंगावरच्या तेवढ्या उचलून बाजूला ठेवल्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.
वं.ताईंचा फोन. "आवरल्या का लोकांना?"
"खूप."
का बोलले असं? जीभ कशी वळली?
"मंग पुढल्या दिवालीचा काय बोलले साहेब?"
"बघू म्हणाले." हे तर त्याहून वाईट.

२१, लक्ष्मीपूजन
पूजा झाली. सा.बां.चे गुडघे दुखत होते. आपणहून ढिगातली एक ओढून पायांवर घेतली. अंजिरी, बारीक चौकडीची, पिवळा काठ. म्हणाल्या, "ऊब आहे हो." मला रडूच यायचं बाकी होतं.
तेवढ्यात वं.ताईंचा फोन, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. माझे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर.
"एक सांगू का? लुगरी संपली तवा माझे आयशीचा लुगरा कापला. अंजिरी, पिवल्या काठाचा. ती जाऊन लय वर्सं झाली, पेटीत जपून ठेवलेला. मी बोल्ली, कंपनीचा मोठा काम हाय, आयशीचा हात लागू दे. ती गोधरी जेच्याकरं गेली तेला बोला, नीट वापर."
बोलते म्हटलं.
सा.बां.नी पायांवरची गोधडी काढली. घडी केली, नीट, काठाला काठ लावून. खुर्चीवर ठेवली आणि हात धुवायला गेल्या.
म्हणजे ग्रुपवरचं ते खरंच होतं. एका गोधडीपुरतं.

२२, पाडवा
आईचं लुगडं आहे, परत द्यायलाच हवं. पण दिलं की कळणार, गोधडी कुणीच घेतली नाही. सगळ्याच परत आल्यात हेही. नाही दिलं तर ते माझ्याकडे पडून. नवरा म्हणतो, "गप्प राहा, विसरतील." विसरतील कशा? आज पाडवा. दीर उभा असेल तिथे.
दिवसभर फोन बंद ठेवला. लाज वाटते.

२३, भाऊबीज
फोन चालू केला. वं.ताईंचा व्हॉइस मेसेज आलेला, कालचा.
"म्याडम, दीर बसलेत हितं. बोलतात, म्याडमच्या तोंडून ऐकतो, मंगच काय ते. बाया पन हायेत सगल्या. फोन लावा ना."
मागे बायका हसत होत्या. कुणीतरी म्हणत होतं, लाडू ठेवा गं म्याडमना.
गोधड्या गावात न्यायला पिशव्यांत भरून दाराशी ठेवल्या, अंजिरी सगळ्यात वर. नणंद ओवाळायला येणार, सा.बा. म्हणाल्या, सणाचं दारात नको ते. पुन्हा आत आणल्या.
फोन अजून लावलेला नाही.