खासदारांची अक्का

निमगाव सावा, २ जून २०२५

चि. गोकुळ यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सारे खुशाल. तू खासदार झाल्यापासून तुझा फोन पी.ए.च उचलतो, म्हणून पत्र लिहिते. आपल्या वरच्या वस्तीवरची शाळा बंद होतेय. हो, तू इतकी वर्षं जिथं मास्तर होतास तीच. पट कमी झाला म्हणे, आता पोरांनी खाली गावात जायचं. आपली संस्कृती यंदा दुसरीत. मधला रस्ता दोन्ही अंगांनी उसाचा, आणि मागच्याच महिन्यात कुशाबांची कालवड बिबट्यानं तिथूनच ओढून नेली. शिक्षण खात्याच्या साहेबांना एक शब्द सांग. नातीसाठी एवढं कर.

कळावे, आणि वेळ काढून उत्तर धाडावे.
नूतनअक्का

खासदार संपर्क कार्यालय, मंचर, १२ जून २०२५

मा. श्री. नूतनअक्का, स. न. वि. वि.

आपले निवेदन प्राप्त झाले. मा. खासदार साहेबांनी आपल्या समस्येची गांभीर्याने दखल घेतली असून निवेदन संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. आपले प्रेम वृद्धिंगत व्हावे.

निमगाव सावा, १७ जून २०२५

मा. खासदार साहेब,

आशीर्वाद मुद्दामच लिहीत नाही. मला 'श्री.' केलंस ते सोड, पण बहिणीच्या पत्राचं निवेदन झालं? काल शाळेला कुलूप लागलं. बिबट्या बिचकावा म्हणून उसातून जाताना पाढे ओरडत जायचं ही तुझीच शिकवण. पोरं तशीच गेली. तीनच्या पाढ्याला संस्कृती अडली, सगळीच गप्प झाली आणि भीतीनं रडायला लागली. वस्तीवरच्या धोंडाबाई म्हणाल्या, तुमचा भाऊ लई मोठा झाला, आमी आता त्याला दिसत नाय. असा संताप आलाय की समोर असतास तर कान पिळला असता.

नूतन

नवी दिल्ली, २० जून २०२५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

आधीचं पत्र माझ्यापर्यंत आलंच नव्हतं, शपथ. तुझा राग रास्त आहे. पण निर्णय वरून झालाय, तोही आमच्याच लोकांचा. मी विरोधात बोललो तर तालुक्याची बाकीची कामं अडतील. कुलूप काढणं माझ्या हातात नाही. सोमवारी मात्र मी स्वतः येतो आणि पोरांबरोबर उसातून चालतो. संस्कृतीला सांग.

राग सोडावा, माया सोडू नये.
तुझा गोकुळ

निमगाव सावा, २५ जून २०२५

गोकुळ,

आलास, चाललास. पुढे बंदूकवाले, मागे फोटोवाले, कडेनं फटाके फोडणारे तुझे कार्यकर्ते. त्या गोंगाटात बिबट्या कशाला फिरकतोय! संस्कृतीला कडेवर घेतलेला फोटो पेपरात आला. पोर हरखली, तिला काय कळतंय.

मंगळवारी पोरं दप्तरं घेऊन फाट्यावर थांबून राहिली. कितीही सांगितलं तरी हलेनात. गुरुजी म्हणजे रोज येणारा माणूस, असंच त्यांच्या आईबापांनी तुझ्याबद्दल सांगितलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मीच काठी घेतली, पत्र्याचा डबा वाजवत त्यांना पोचवून आले. आजही गेले, उद्याही जाईन. गुडघ्यांचं मी बघून घेईन, त्याची दखल घेऊ नकोस.

आज वाटेत संस्कृतीनं विचारलं, गुरुजी परत कधी येणार. मी सांगितलं, ते गुरुजी नव्हते, खासदार होते.

नूतन