टीव्हीतल्या बाई आणि माझं लिंबू

१९ जानेवारी १९८७, सोमवार
शाळेत टीव्ही येऊन महिना झाला. नव्या खोलीच्या स्लॅबवर तारेच्या जाळीची भली मोठी छत्री, उपग्रहाकडे तोंड करून. खाली टीव्ही. रोज दुपारी टीव्हीतल्या बाई मराठीतून शिकवतात. चौथीचा वर्ग माझा आहे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण वर्ग विसरत चालला आहे.

टीव्ही सांभाळायला गुलाब मास्तरला नेमलंय. माझ्याहून बराच ज्युनियर. चंद्रपूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आला, तेव्हापासून बटन फिरवताना डॉक्टरसारखा चेहरा करतो. मला कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, ते वेगळं.

जळायचं काही कारण नाही.

२० जानेवारी
दरवर्षी ज्वालामुखी मी तोंडाने करून दाखवतो. गाल फुगवायचे, डोळे वटारायचे, मग स्फोट. पोरं जाम खूश असायची. आज बाईंनी खराच ज्वालामुखी दाखवला. त्यानंतर मी माझा केला. कोणी हसलं नाही. पुढे बसणारी सीता काळजीने म्हणाली, "गुरुजी, तब्येत बरी नाई का जी?"

२३ जानेवारी
आज माझी बायको आशाही टीव्ही बघायला शाळेत आली. घरी आल्यावर म्हणते, "बाई कशी शांत बोलते! कोणाच्या वसकन अंगावर जात नाई." मीही जात नाही, असं तिला ओरडून सांगितलं.

संकल्प: उद्यापासून शांत बोलायचं.

२४ जानेवारी, शनिवार
शांत बोललो. मागच्या पट्टीवरचे दोघे झोपले. संकल्प रद्द.

२६ जानेवारी
झेंडावंदन. हेडमास्तरांनी जाहीर केलं, २९ तारखेला विस्तार अधिकारी साहेब टीव्हीचा पाठ बघायला येणार. गुलाबने लगेच टीव्ही पुसायला घेतला.

माझ्या डोक्यात प्लॅन तयार. त्या दिवशी टीव्हीवर चित्र आलंच नाही तर? साहेब रिकामे, पोरं रिकामी, आणि मी हजर. माझा ग्रहणाचा धडा काढायचा. कंदील म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र, पृथ्वी म्हणजे माझं डोकं. टक्कल पडल्यापासून पृथ्वी फारच हुबेहूब दिसते.

घरात कोणी नाही, म्हणून खरं लिहितो. जळतो. खूप जळतो. पोरं आता बाईंकडे बघतात तशी पूर्वी माझ्याकडे बघायची, तोंड उघडं टाकून. मला ते परत पाहिजे.

२९ जानेवारी, सकाळी
शाळा उघडायच्या आधी पाना घेऊन स्लॅबवर गेलो. छत्रीचा नट जरासा सैल करून तोंड भलतीकडे फिरवायचं, एवढंच ठरवलं होतं. जोर जास्त लागला. आटे गेले. आता छत्री एका जागी राहतच नाही. अपेक्षेपेक्षा उत्तम काम. लिंबू खिशात आहे.

२९ जानेवारी, संध्याकाळी
साहेब आले, बसले. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. गुलाबला घाम फुटला. मी कंदील पेटवायला काडी ओढली, तेवढ्यात साहेब म्हणाले, "अरे, वर जाऊन पाहा ना कोणी!" गुलाब बटनं सोडेना. म्हणून मी गेलो. मदत केल्यासारखंही दिसेल आणि छत्री आणखी बिघडवताही येईल.

दोन्ही हातांनी धरली आणि ओढली पार उलट्या दिशेला. खालून आरडाओरडा. "आलं! आलं!" गुलाबचा आवाज: "नानाजीभाऊ, आता हालू नका!" इतकं स्वच्छ चित्र महिन्याभरात आलं नव्हतं म्हणे. हात जरा ढिला केला की खालून साहेब स्वतः ओरडायचे. पाठ संपेपर्यंत उन्हात तसाच उभा.

नंतर साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. अशी निष्ठा आपण पाहिली नाही, म्हणाले. नट कसा बिघडला ते सांगायची हीच वेळ होती. पण हे अँगलचं काम आहे साहेब, मी त्याचा अभ्यास केला आहे, असं काहीतरी तोंडातून गेलं.

लिंबू खिशात फुटलं.

२ फेब्रुवारी
नवा नट नागपूरहून यायचा आहे. तोवर रोज दुपारी छत्री धरायची जबाबदारी माझी. साहेबांचा आदेश. अँगलचा अभ्यास फक्त माझाच आहे ना. वर्गात माझ्या जागी गुलाब बसतो.

शांतपणे विचार केला तर ही बढतीच आहे. मी हात काढला की बाई गायब. म्हणजे बाई कोणाच्या जिवावर शिकवतात?

५ फेब्रुवारी
नट नाही. खांदे दुखतात. आशाने मोहरीच्या तेलाने चोळून दिले. चोळता चोळता विचारते, "आज बाईनं काय शिकवलं जी?" मला काय माहीत? मी वर असतो.

९ फेब्रुवारी, सोमवार
आज बाईंचा विषय ग्रहण. माझा धडा.

वर उभ्या उभ्या कान लावून ऐकलं. शब्द कळत नव्हते, वारा फार होता. मधेच पोरं गप्प झाली. ते गप्प होणं मी ओळखतो, तोंड उघडं टाकून बघतात तेव्हाचं असतं. मग एकदम टाळ्या. सवय म्हणा, मी छत्रीआडून मान लववली.

तेवढ्याने छत्री हलली असावी. खालून अख्खी चौथी ओरडली, त्यात सीताचा आवाज सगळ्यात वर: "गुरुजीऽ, हालू नका नं जी! बाई दिसून नाई राह्यल्या!"

हललो नाही.